पुतणीला स्पॅनिशमध्ये लिहिलेल्या पत्राबाबत

अर्जदार : वय वर्षे त्रेपन्न, धंदा अर्जलेखन, शिक्षण सातवी पास, राहणार भिवंडी, जिल्हा ठाणे.

जिला उद्देशून : अर्जदाराच्या मयत थोरल्या भावाची एकुलती मुलगी, आजचे वय अंदाजे वीस, राहणार वाल्परायझो बंदर, देश चिली. सध्याचा पत्ता माहीत नाही.

कालावधी : सन १९८५ च्या दिवाळीपासून आजतागायत, म्हणजे सन १९९६.

साक्षीदार : एक, खाडीकडच्या मोहल्ल्यातले निवृत्त खलाशी, हल्ली मयत. दोन, अर्जदाराची पत्नी. तीन, कामतघरहून मासळी घेऊन येणारी बाई.

साक्षीदारांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत. कागदावर नाव चढले की माणसाला केव्हा ना केव्हा कचेरीची पायरी चढावी लागते, हे मी तहसील कचेरीसमोर अठ्ठावीस वर्षे बसून पाहिले आहे. या प्रकरणात त्यांचा दोष काहीच नाही. जो आहे तो माझा आहे, आणि तो पुढे नमूद केला आहे.

माझा थोरला भाऊ माझ्याहून सात वर्षांनी मोठा. तो तरुणपणी बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि बऱ्याच फेऱ्यांनंतर वाल्परायझोला उतरला तो परत बोटीवर चढला नाही. तिथेच गोदीत कामाला लागला, तिथल्याच बाईशी लग्न केले. दर दिवाळीला त्याचे एक पत्र येई. अक्षर माझ्यापेक्षा वाईट, मजकूर माझ्यापेक्षा बरा. आमच्याकडे थंडी पडू लागते तेव्हा तिथे उन्हाळा सुरू होतो, मुलगी समुद्रात पाय बुडवून बसते, असले काहीतरी तो लिही. मी उत्तर देई : 'आपले पत्र पावले. मजकूर समजला. येथील सर्व क्षेम.' याहून अधिक मी त्याला कधी काही लिहिले नाही. इतरांची दुःखे चार चार पाने लिहिणाऱ्या माणसाला स्वतःच्या भावाला लिहिताना दोन ओळी पुरत असत.

पंच्याऐंशी सालच्या दिवाळीत पत्र आले ते त्याच्या अक्षरातले नव्हते. पोस्टमनने ते घरी न देता कचेरीसमोर माझ्या टेबलावर आणून दिले. आत परक्या भाषेतला एक कागद आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलीचा फोटो. मुलीचे नाक आमच्या घरातले होते. मजकुरात भावाचे नाव तीन वेळा आले होते आणि एका नावापुढे तारीख होती. तारखेवरूनच मला काय ते कळले. मृत्यूच्या दाखल्यासाठी मी इतके अर्ज लिहिले आहेत की नाव आणि तारीख एकमेकांशेजारी कशी बसतात हे मला वाचावे लागत नाही.

परंतु तारखेखेरीज त्या पानावर अजून वीस ओळी होत्या. कोर्टातल्या वकिलांना दाखवल्या. एक म्हणाले फ्रेंच असेल, दुसरे म्हणाले पोर्तुगीज, गोव्याच्या कुणाला तरी विचारा. अखेर चहावाल्याने खाडीकडच्या मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्या खलाशाचे नाव सांगितले. सगळा गाव त्यांना चाचा म्हणे. तीस वर्षे ते परदेशी बोटींवर होते आणि दक्षिण अमेरिकेची बंदरे त्यांना आपल्या गल्लीसारखी पाठ होती. गावातल्या हिंदू-मुसलमान दंगलीला तेव्हा दीडच वर्ष झाले होते. माझ्याकडची माणसे तिकडे जाणे टाळत आणि तिकडची इकडे येणे. मी पत्र खिशात घालून गेलो.

चाचा ओट्यावर जाळे विणत बसले होते. मी पत्र पुढे केले तर त्यांनी हात मागे घेतला.

"मला बोलता येतं रे, वाचता नाय येत. बंदरावर कोण पाटी-पेन्सिल देतो काय? तू वाच."

"मला समजत नाही, चाचा."

"समजायचं काम माझं. तू नुसतं अक्षरं लाव."

तर असे ते पत्र वाचले गेले. मी इंग्रजी अक्षरे लावून तोडकेमोडके उच्चार करायचो, चाचा डोळे मिटून ऐकायचे, ओठांवर तोच शब्द नीट करून बघायचे आणि मग त्याचा अर्थ सांगायचे. एका पानाला दुपारचे तीन तास लागले. भाऊ छातीच्या आजाराने गेला होता. वहिनीने लिहिले होते की त्याने शेवटपर्यंत आमची आठवण काढली. आणि शेवटच्या ओळीत : मुलगी रोज विचारते, बाबांचे घर कसे होते? मला ठाऊक नाही. तुम्ही तिला लिहाल का?

चाचांनी ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग जाळे बाजूला ठेवून म्हणाले, "आजच्या आज इंग्रजीत दोन ओळी टाक. पत्र मिळालं, तुझा काका हाय, घर हाय. बस. तिकडं कोणतरी वाचून दाखवील. पोरगी वाट बघत असंल."

मी म्हणालो, "मी तिच्याच भाषेत लिहीन. स्वतःच्या हातानं."

"तू? सातवी पास?"

"अख्खा तालुका माझ्याकडून लिहून घेतो, चाचा. मी माझं पत्र दुसऱ्याकडून लिहून घेऊ?"

त्यावर ते फक्त हसले. त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्या दिवशी मी दोन ओळी टाकल्या असत्या तर हा अर्ज लिहिण्याची वेळ आली नसती. पण मुलीने विचारलेला प्रश्न मला दोन ओळींचा वाटला नाही.

ठाण्याच्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मला स्पॅनिश व्याकरणाचे पुस्तक सापडले. इंग्रजीतून शिकवणारे, पहिले दोन धडे फाटलेले. माझे इंग्रजी कचेरीपुरते. म्हणून आधी इंग्रजी शब्दकोशातून इंग्रजी समजून घ्यायचे, मग त्यातून स्पॅनिश. दक्षिणेच्या कशेळीला जायला उत्तरेच्या वाड्याच्या रस्त्याने निघण्यासारखे होते ते, पण मी पोचत होतो. लांबट नोंदवहीत मी क्रियापदांचे रकाने पाडले : मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. फेरफार नोंदीला जी शिस्त लागते तीच. प्रत्येक धड्याखालचा स्वाध्याय मी दोनदा सोडवला. काकांची बाग मावशीच्या बागेपेक्षा मोठी आहे. माझ्या भावाकडे दोन टोप्या आहेत. ज्याने ते पुस्तक लिहिले त्याला काका आणि भाऊ फार प्रिय असावेत. भावाकडे दोन टोप्या असल्याचे वाक्य मी सहा काळांत लिहिले. भूतकाळात लिहिताना पेन थोडा वेळ तसाच धरून बसलो.

सकाळी कचेरी उघडण्याआधी मी मोठ्याने पाठांतर करी. शेजारच्या शेडमध्ये पॉवरलूमची खडखड चालू असे, तेव्हा आवाज चढवावा लागे. आमो, आमास, आमा. पत्नी चूल सारवता सारवता ऐके.

एक दिवस तिने विचारले, "याचा अर्थ काय हो?"

"मी प्रेम करतो, तू प्रेम करतोस, तो प्रेम करतो."

"अस्सं. अठरा वर्षं झाली लग्नाला, मराठीतनं कधी कानावर आलं नाही ते. आता सगळ्या शेडला ऐकवताय."

"हे व्याकरण आहे."

"तेच म्हणते मी. नुसतं व्याकरणच."

मी पुन्हा पहिल्यापासून म्हणायला सुरुवात केली. ती मात्र त्यानंतर रोज सकाळी चहा आणून ठेवताना 'आमास' म्हणून कप पुढे सरकवी आणि तोंड फिरवून हसे.

व्याकरण एवढे पक्के झाले तरी चाचांना माझे बोलणे पसंत नव्हते. "पुस्तकातल्या माणसासारखा बोलतो तू," ते म्हणत. "असा माणूस बंदरावर उतरला तर लोक त्याला कस्टमवाला समजतील." म्हणून त्यांनी नियम घातला. दुपार कलताना असरची नमाज झाली की एक तास त्यांच्या ओट्यावर मराठी बंद, हिंदी बंद. पाणी मागायचे ते स्पॅनिशमध्ये, डास मारायचा तो स्पॅनिशमध्ये. आणि आल्याबरोबर कामाचे बोललो की ते सरळ पाठ फिरवत. तिकडे आधी घरचे विचारायचे, आईचे विचारायचे, उन्हाचे बोलायचे, पाव आणि चहा पुढे आला की तो घ्यायचा, आणि उठता उठता, जणू आत्ताच आठवले अशा रीतीने, कामाचे काढायचे. कुणी दारात आला तर म्हणायचे, या, तुम्ही आपल्याच घरात आहात. हे वाक्य चाचांनी माझ्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतले की त्यांच्या सुनेलाही ते पाठ झाले. मी आलो की ती आतूनच ते म्हणे आणि चहा ठेवी.

सरावाला गिऱ्हाईक हवे म्हणून चाचांनी मासळीवालीला धरले. ती कामतघरहून पाटी घेऊन संध्याकाळी त्या गल्लीत येई. मी भाव स्पॅनिशमध्ये विचारायचा, तिने सांगेपर्यंत मराठी बोलायचे नाही.

पहिल्या दिवशी तिने पाटी खाली ठेवून माझ्याकडे नीट पाहिले. "चाचा, ह्या दादाला काय झालं? जीभ जड झाली का?"

"विलायती बोलतोय तो. क्वान्तो म्हणजे किती, असं विचारतोय."

"मंग किती म्हणाचं तर. कचेरीत आमचं अर्ज बी असंच लिवतं का हा? म्हणून कामं होत न्हायत."

दोन महिन्यांनी तीच पाटी टेकवता टेकवता म्हणू लागली, "काय दादा, आज क्वान्तो न्हाय का?" मी किंमत विचारली की बोटे दाखवी. एकदा बोंबील नासके निघाले तेव्हा मी तिच्याशी स्पॅनिशमध्ये भांडलो. चाचा ओट्यावर गुडघ्यांत डोके घालून हसत होते. पुढे एकदा त्यांनी सांगितले की त्या दिवशी क्षणभर त्यांना आपण वाल्परायझोच्या मासळीबाजारात उभे असल्यासारखे वाटले आणि मग रात्री त्यांना जेवण गेले नाही. ते बंदर त्यांनाही पुन्हा दिसणार नव्हते. त्यांच्याजवळ निदान आठवण होती. मी जिथे कधी गेलो नाही त्या गावाची मला ओढ लागली होती. तिथल्या चढाच्या गल्ल्या, रुळांवरून माणसांना वर नेणारे लाकडी डबे, टेकडीवरची पत्र्याची रंगीत घरे. त्यांतल्या एका घरात आमच्या नाकाची मुलगी होती आणि तिला आमचे घर ठाऊक नव्हते.

सत्याऐंशीच्या होळीनंतर मला वाटले, आता मी लिहू शकतो. दीड वर्ष झाले होते. मी हे पत्र चाचांना आधी ऐकवले नाही. मला त्यांच्या कानांची गरज उरलेली नाही अशी माझी समजूत होती, आणि उत्तर आले की थेट तेच वाचून दाखवून त्यांना चकित करावे असाही विचार होता.

मुलीचा प्रश्न होता, बाबांचे घर कसे होते. घराविषयी लिहायचे म्हणजे कसे लिहायचे ते मला नीट माहीत होते. आयुष्यभर मी तेच लिहीत आलो आहे. म्हणून पहिल्या परिच्छेदात मी घराचा क्रमांक आणि सिटी सर्व्हे नंबर दिला. दुसऱ्यात चतुःसीमा, म्हणजे चारही दिशांना काय आहे ते : पूर्वेस पॉवरलूमची शेड, पश्चिमेस सार्वजनिक गल्ली, उत्तरेस शेजाऱ्यांची भिंत, दक्षिणेस विहीर. तिसऱ्यात लांबी, रुंदी, कौलारू छप्पर, लाकडी जिना. चौथ्यात वारसांची यादी, वयासकट. तिचे आणि तिच्या आईचे नाव मी आवर्जून त्यात घातले. आम्ही तिला घरातलीच समजतो हे तिला कळावे म्हणून. पाचव्यात, 'येणेप्रमाणे वर्णन खरे असून त्यात काही लपवलेले नाही.' खाली माझी सही, दोन साक्षीदारांच्या सह्या, आणि कागदाला वजन यावे म्हणून नोटरीचा गोल लाल शिक्का. आमच्याकडे बिनशिक्क्याच्या कागदाला कुणी विचारत नाही. त्या पत्रात व्याकरणाची एकही चूक नव्हती, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

मी ते रजिस्टर्ड पोस्टाने, पोचपावतीसह रवाना केले.

पाच महिन्यांनी उत्तर आले. लिफाफा जाड होता. तो फोडण्याआधी मी त्याला दोनदा हात लावून पाहिला. आत फोटो असेल, मुलीचे स्वतःचे अक्षर असेल असे मला वाटत होते. आत एकच टाइप केलेला कागद होता. त्यावर तिथल्या नोटरीचा शिक्का आणि वहिनीची सही. आता मला अर्थासाठी कुणाकडे जाण्याची गरज नव्हती. तरीही मी तो चाचांकडे नेला आणि पहिल्यासारखाच मोठ्याने वाचला.

मजकूर असा : खाली सही करणारी व तिची अज्ञान मुलगी यांचा भिवंडी येथील वर्णन केलेल्या मिळकतीवर कोणताही दावा नाही. काही हक्क असल्यास तो त्या दोघी स्वखुशीने सोडून देत आहेत. यापुढे त्यांना या बाबतीत कोणताही कागद पाठवू नये, ही विनंती.

चाचांनी कागद हातात घेऊन शिक्क्यावरून बोट फिरवले. मग म्हणाले, "तू काय लिहिलं होतंस?"

माझ्याकडे नक्कल होती. मी वाचली. चतुःसीमा ऐकताना त्यांनी कपाळाला हात लावला.

"अरे, हे पत्र होतं की समन्स?"

मी म्हणालो, "तिनं घर विचारलं होतं."

"घर विचारलं होतं. तू प्लॉट सांगितलास. तिकडं मिलिटरीचं राज हाय, भावा. लाल शिक्क्याचा कागद दारात आला की बाया पोरांना आत घेतात. ती बिचारी घाबरली. तिला वाटलं, नवऱ्याचा भाऊ मिळकतीच्या भांडणासाठी मागं लागला."

"दीड वर्ष शिकवलंत मला. पाव-चहा, घरची चौकशी, सगळं."

"शिकवलं. आणि तू परत कचेरीच्या टेबलावर जाऊन बसलास."

दुसऱ्या दिवशी कचेरीसमोर ही बातमी फुटली. कशी ते मला माहीत नाही, बहुधा माझ्याच चेहऱ्यावरून. शेजारचा स्टॅम्प विकणारा हात पुढे करून म्हणाला, "नशीबवान आहात. लोक बहिणींच्या पाया पडतात हक्कसोडीसाठी. तुम्हाला परदेशातून घरपोच आली, आणि नोटरीसकट." तलाठ्याने विचारले, नोंद कधी लावायची. हे ते चांगुलपणाने बोलत होते. मी स्वतः शेकडो बहिणींची हक्कसोडपत्रे लिहिली आहेत. त्या टेबलाजवळ उभ्या राहत, पदर तोंडाला लावून, आणि मी त्यांना अंगठा कुठे करायचा ते दाखवी. त्यांच्यापैकी कितीजणींना घराचा हिस्सा नको होता आणि फक्त कुणी 'ये' म्हणायला हवे होते, याचा विचार मी तोवर केला नव्हता. तो कागद मी तलाठ्याला दिला नाही. त्याची नोंद आजही झालेली नाही.

दुसरे पत्र लिहायला मला पहिल्यापेक्षा जास्त वेळ लागला. व्याकरण येत होते. कलमांशिवाय कसे लिहायचे ते येत नव्हते. चाचा समोर बसत आणि म्हणत, "नंबर टाकू नको. 'सदर' म्हणू नको. आधी विचार, कशी आहेस." मी विचारले. मग लिहिले, की तुझे बाबा खिडकीखाली झोपत आणि भिंतीपलीकडच्या लूमच्या आवाजाशिवाय त्यांना झोप लागत नसे. वीज गेली आणि सगळी शेड गप्प झाली की ते दचकून जागे होत. जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसून ते चणे खात आणि टरफले माझ्या डोक्यावर टाकत. बोटीवर जाण्याच्या दिवशी ते जाता जाता माझ्या शर्टाचे वरचे बटण लावून गेले. ती खिडकी अजून तिथेच आहे. शेवटी मी चाचांचे वाक्य लिहिले, तू आपल्याच घरात आहेस. सही केली. शिक्का नाही, साक्षीदार नाहीत.

ते पत्र सात महिन्यांनी परत आले. लिफाफ्यावर तिथल्या पोस्टाने लिहिले होते की सदर कुटुंब येथे राहत नाही. नवा पत्ता नव्हता. तिकडे पुढे लोकांचे राज्य आले हे मी वर्तमानपत्रात वाचले, तेव्हा त्याच पत्त्यावर ते पुन्हा पाठवले. पुन्हा परत आले. एक्याण्णव साली चाचा गेले. त्यांच्या ओट्यावर आता त्यांचा नातू दुकान चालवतो. मी तिकडून गेलो की त्यांची सून आतून विचारते, काही आलं का? मी नाही म्हणतो.

सकाळचे पाठांतर मी सोडलेले नाही. पत्र आले तर ते वाचून दाखवायला आणि समजून सांगायला आता मी एकटाच आहे. पत्नी अजून ऐकते. परवा तिने विचारले, "ती आता केवढी झाली असेल हो?" मी वीस म्हणालो. ती म्हणाली, "म्हणजे स्वतःच लिहू शकेल की."

सबब, हे मुली, तुला विनंती करतो ती अशी. तुझ्या वतीने तुझ्या आईने जी हक्कसोड लिहून दिली ती माझ्या पहिल्या पत्राने झालेल्या भीतीपोटी होती आणि ती भीती मी निर्माण केली होती. त्या वेळी तू अज्ञान होतीस. आता सज्ञान आहेस, तेव्हा ती मान्य करायची की नाही हे ठरवण्याचा अधिकार तुझा आहे. माझ्याकडून ती मी कधीच मान्य केलेली नाही. या मजकुराची स्पॅनिश प्रत तयार असून पत्ता कळताच ती साध्या टपालाने पाठवण्यात येईल. ज्या कुणा वाचकाचे नातेवाईक त्या बंदरावर जात-येत असतील त्यांनी चौकशी करून मला कळवावे. तुझ्याकडून घर, जमीन, सही, काहीही नको. तू कशी आहेस, एवढे एका ओळीत कळवावे. उत्तरास कोणतीही मुदत नाही.